पांढऱ्या बाणाचा ड्रम

१

ताडपत्री ओढली आणि खालून बाज निघाली.

साधी सुंभाची बाज, आडवी उभी केलेली. तिला टेकून एक मोडकी तिफण, दोन फाटकी टोपली, आणि पोट फुगलेलं दिसावं म्हणून मधी बाभळीच्या ओल्या फांद्या कोंबलेल्या. वरून ताडपत्री अशी झ्याक बांधलेली, की कोणी पण म्हणावं, आत केबलचा ड्रमच बसलाय गपचूप.

"हे काय हे?" प्रभू साहेब म्हणाला. हा नांदेडच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर. आठवड्याची पावसाची झड उघडली म्हणून आजच कामावर आलेला.

"बाज हाय साहेब," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. माहिती बराबर होती.

दोन हजार नऊ साल. हायवेच्या कडेनं मोठी केबल केव्हाच हिंगोलीकडं गेली होती. कवडदरीला तिचा उपयोग एवढाच, की खांदलेल्या नालीत शेळ्या पडायच्या. त्या वर्षी एका खासगी कंपनीच्या मनात आलं, की वारंगा फाट्यावरून एक फाटा गावात घ्यावा आणि घराघरात काचेची तार द्यावी. तारेतून इंटरनेट येणार, परदेशातलं लेकरू घरबसल्या दिसणार. नाली खांदून झाली, माणसाएवढा लाकडी ड्रम येऊन बसला, आणि झड लागली. आठवडाभर काम बंद. गावानं रोज ताडपत्रीकडं बघून म्हणायचं, हाय ना आपलं नेट, हाय.

आता नेट नव्हतं. बाज होती.

"पोलीस पाटलाला बोलवा," प्रभू साहेब म्हणाला.

लोकं एकमेकांकडं बघायला लागली. पोलीस पाटील रत्नपाल तिथंच होता, मागं, लिंबाला टेकून. त्याची बायको करुणा याच झडीत गेली होती. छातीत दुखतं म्हणाली, आणि दवाखान्यात न्यायला ओढ्याचा पूर उतरायची वाट बघता बघता संपली. तेव्हापासून रत्नपाल असाच होता. जेव म्हटलं की जेवायचा. बस म्हटलं की बसायचा. रडला नव्हता. लोकांनी सांगितलं, रडून घ्या. त्यानं बरं म्हटलं आणि तसाच बसला.

"मी हाय," तो म्हणाला आणि पुढं आला.

"संध्याकाळी चौकीचे जमादार येऊन राहिले," प्रभू साहेब म्हणाला. "दोन किलोमीटर केबल हाय, गंमत न्हाई. राखणीला तुमचा प्रेमसिंग होता. दुसरं नाव मिळालं तर ठीक, न्हाई तर त्याचंच नाव देणार मी."

प्रेमसिंग बाजूलाच उकिडवा बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. गावात कुठं काही हरवलं की पोलिसांची गाडी आधी त्याच्या तांड्यावर जाते, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. पोरसवदा असताना कोणाच्या तरी पाण्याच्या मोटारीपायी एकदा नेला होता त्याला. मोटार मालकाच्याच विहिरीत निघाली. प्रेमसिंगचा डावा कान मात्र त्या दिवसापासून ऐकत नाही.

रत्नपालचा हात खिशात गेला. खिशात एक बारकं वळं होतं. राख सावडताना चिखलात हाताला लागलं होतं, काळं, राखेनं लिंपलेलं. करुणाचं जोडवं. ते त्यानं खिशात टाकलं होतं आणि काढून बघितलं नव्हतं. बोटाला लागत होतं, तेवढं बास होतं.

"बघतो," तो म्हणाला.

२

"प्रेमसिंग, ड्रम कधी गेला?"

"म्या झोपलो हुतो पाटील."

"आठ दिवस?"

प्रेमसिंगनं मान खाली घातली. त्याचं राखणीचं खोपटं ताडपत्रीपासून बिडी फेकली तर पोचंल एवढ्या अंतरावर. एवढा ड्रम लोटत न्यायचा म्हणजे चार गडी पाहिजेत, आणि वर दणादणा आवाज.

"उजव्या कानाकडून विचारू का?"

"ऐकू येऊन राहिलं मला," प्रेमसिंग म्हणाला. "तुमी जमादाराला माझंच नाव द्या. सुटून जाईल मामला."

"तू नेला का?"

"व्हय."

"कुठं ठेवला?"

 प्रेमसिंग चुलीतली राख काडीनं उकरत बसला. शेवटी म्हणाला, "पाटील, तुमी घरी जाऊन पडा थोडं. तुमाला कायले तरास?"

चोर पोलीस पाटलाची काळजी करतो, हे रत्नपालला एरवी खटकलं असतं. करुणा असती तर तिनं ते संध्याकाळपर्यंत दहा जणींना ऐकवलं असतं. आता ते कानावरून घरंगळून गेलं. एवढं मात्र त्याला कळलं, की हा खोटं बोलून राहिला, आणि कोणासाठी तरी बोलून राहिला.

३

बाज भिकाबाईची होती. तिच्या हॉटेलात चहा मिळायचा, भजी मिळायची, आणि न विचारता सगळ्या गावाची खबर मिळायची.

"माझीच हाय बाज," ती म्हणाली. "मोडकी हुती, उकिरड्यावर टाकली. कोणी नेली मला काय म्हाईत? बसा भाऊ. चहा घ्या."

हॉटेलापुढं गोल टेबल होतं. पयल्या, हायवेच्या कामाच्या वेळचा रिकामा ड्रम. केबल संपल्यावर कंत्राटदारानं तिला देऊन टाकलेला, आडवा पाडला की झालं टेबल. आठवडाभर पावसात राहून त्याची फळकुटं फुगली होती, कडेला शेवाळ धरलं होतं. रत्नपाल त्याच्यापाशी बसला.

"तुला दुसरा ड्रम पाहिजे व्हता म्हणे."

"पाहिजे व्हता ना. पर रिकामा. भरलेला घेऊन काय केबलची भजी तळू?" मग तिचा आवाज खाली आला. "भाऊ, वैनीची जोडवी माझ्यापाशी हायती. आंघोळ घातली तवा काढून ठेवली. तुमची लेक साक्षी आली कुवेतहून की तिच्या हातात देते."

"हं," रत्नपाल म्हणाला.

"लई पुण्यवान बाई. सगळं गाव म्हणतं. भर झडीत, काडी न्हाई कोरडी गावात, आन सरण कसं भपकन पेटलं."

"हं."

त्याला त्या दिवसाचं नीट काही आठवत नव्हतं. धरलेले दंड, करुणाचे तळपाय, आणि कशावर तरी काढलेला एक पांढरा बाण. बाण कशाला असेल? ताप असला की दिसतं तसं काहीतरी असेल.

चहा पिता पिता धर्मसिंग आला. हा गावाचा डिश-केबलवाला. जुन्या जीपमधी सदा वायरची भेंडोळी, तोंडात सदा पुडी. लोकांचा पयला संशय याच्यावर; घरोघर नेट आलं की याची डिश कोण बघतं?

"मी काहून चोरू?" धर्मसिंग म्हणाला. "नेट आलं की मीच त्याचा एजंट. प्रभू साहेबासंगं बोलणं झालंय माझं. आन पाटील, तुमी टेन्शन नका घेऊ. केबलला काही व्हत न्हाई. तिच्यावर ओरखडा बी नसंल."

भिकाबाईच्या हातातला झारा थांबला.

"तुला काय म्हाईत, ओरखडा न्हाई?" रत्नपालनं विचारलं.

धर्मसिंगनं पुडी थुंकली. एवढी महागाची पुडी त्यानं अर्धी कधी थुंकली नव्हती. "अंदाज," तो म्हणाला आणि जीपकडं गेला.

४

गावाच्या वरच्या अंगाला मसाजीचा मेंढरांचा वाडा. भिंती दगडाच्या, वर पत्रे. म्हातारा मसाजी दगडावर बसून लोकरीच्या कातरीला धार लावत होता, आणि मेंढरं बाहेर चिखलात उभी होती, ओली, वैतागलेली.

रत्नपाल बघत राहिला. डोकं चालत नव्हतं, पण डोळ्यांना बघायची सवय होती.

"मसाजी मामा, मेंढरं बाहेर?"

"वारा खाऊन राहिली."

"खुरं सडतील चिखलात. तुमीच सांगता दरसाली."

"यंदा न्हाई सडत," म्हातारा म्हणाला. आयुष्यभर मेंढरांशीच बोलल्यानं त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. मेंढरांना लागत नाही.

रत्नपालनं वाड्याचं फाटक लोटलं. आत अंधार, लेंड्यांचा वास, आणि मधोमध पोत्यांखाली काहीतरी मोठं. त्यानं पोतं उचललं. काळी केबल, सगळीच्या सगळी. आठच्या आकड्यासारखी, फेऱ्यावर फेरा टाकून, उजवी-डावी, उजवी-डावी, कंबरेएवढी उंच. कुठं पीळ नाही, कुठं मोड नाही.

अशी गुंडाळी गावात एकच जण घालायचा. मेंढरं रानात बसवायची म्हणजे भोवती वाघर लागते, लांबच लांब जाळी. ती रोज गुंडाळा, रोज सोडा. गोल गुंडाळली की पीळ बसतो, आठात घातली की सोडताना सरसर सुटते. मसाजीच्या हाताला दुसरी गुंडाळी येतच नव्हती.

"मामा."

"व्हय."

"केबल इथं हाय. ड्रम कुठं हाय?"

मसाजीनं कातर खाली ठेवली. "केबल भेटली ना? साहेबाला द्या. प्रेमसिंग सुटंल. ड्रमाचं काय करता?"

"चोरी म्हणजे चोरी. मला लिहावं लागंल."

"तुमाला सांगता येत न्हाई, रत्नपाल," म्हातारा म्हणाला. एवढं बोलून त्यानं तोंड जे बंद केलं, ते कातरीनं सुद्धा उघडलं नसतं.

रत्नपाल उतारानं खाली आला. लाखाची केबल पोत्याखाली जपून ठेवायची आणि चार फळ्यांचा ड्रम पळवायचा. केळं ठेवलं आणि सालपट नेलं. चार जणांना सगळं ठाऊक, चौघंही त्याच्याकडं असे बघतात जसं तापाच्या लेकराकडं बघावं. आणि प्रेमसिंग मार खायला तयार.

सालपटात होतं काय एवढं?

५

हॉटेल रिकामं होतं. भिकाबाई आत पीठ मळत होती. रत्नपाल पुन्हा त्याच टेबलापाशी बसला, कारण दुसरीकडं जायचं कुठं, हे त्याला सुचलं नाही.

फुगलेल्या फळ्या. फळ्यांच्या आरपार लोखंडी सळया, आणि दर सळईच्या टोकाला एक एक नट. एका फळीवर पुसट पांढरा रंग. शेवाळ नखानं खरवडलं तसा तो नीट दिसला.

बाण होता. ड्रम कोणत्या बाजूला लोटायचा, त्याची खूण.

रत्नपालनं बाणावर तळहात ठेवला. फळी थंड, लिबलिबीत ओली. ही फळी चुलीत घातली तर धूरच होईल. पण दुसरा ड्रम ओला नव्हता. दुसरा ड्रम आठवडाभर ताडपत्रीखाली होता. ओढ्याला पूर, वखारीचा रस्ता बंद, घराघरातलं सरपण भिजलेलं. आणि कवडदरीत कोरडं लाकूड एकाच जागी.

त्याचा हात खिशात गेला. मग थांबला.

जोडवी तर भिकाबाईपाशी होती. जोडवी. दोन्ही.

मग हे काय होतं?

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं ते बाहेर काढलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं. राख गेली, काजळी गेली. वळ्याला सहा बाजू होत्या. आतून आटे होते.

त्यानं ते टेबलावरच्या नटाशेजारी ठेवलं. जुळ्या भावासारखं बसलं.

भिकाबाई दारात येऊन उभी होती. हाताला पीठ. तिनं नट बघितला आणि पदर तोंडाला लावला.

"सगळ्यांना बोलव," रत्नपाल म्हणाला.

६

जमादार आले तेव्हा लिंबाखाली सगळे होते. प्रेमसिंग एक गाठोडं घेऊन तयार बसला होता. त्यात चादर, भाकरी आणि बिड्या. त्याची बायको जिवनबाई दूर उभी राहून रडत होती. तिला कोणी चूप करत नव्हतं.

"केबल मसाजी मामाच्या वाड्यात हाय," रत्नपालनं सांगितलं. "साहेब, तुमी बघून आले. बराबर हाय का?"

"केबल बराबर हाय," प्रभू साहेब म्हणाला. "आमचे लोक पण अशी गुंडाळत न्हाईत. पण ड्रम? साहेब, ड्रम यानंच दिला कोणाला तरी. विचारा त्याला."

जमादार प्रेमसिंगकडं वळले. प्रेमसिंग उठला.

"बस," रत्नपाल म्हणाला. "ड्रम जळाला. माझ्या बायकोच्या सरणात."

त्यानं तो नट तळहातावर धरून सगळ्यांना दाखवला.

"कोरडं लाकूड नव्हतं गावात. यांनी केबल उतरवली, जपून ठेवली. फळ्या तोडून नेल्या. धर्मसिंगच्या जीपमधी ना?"

धर्मसिंगनं मान हलवली. आता त्याच्या तोंडात पुडी नव्हती.

"वरून ओल्या फांद्या टाकल्या, म्हणजे मला दिसू नये. मला तसंबी काय दिसत व्हतं. मग जागा रिकामी दिसू नये म्हणून बाज उभी केली."

"सांगितलं काहून न्हाई?" जमादारांनी विचारलं.

उत्तर मसाजीनं दिलं. "हा पोलीस पाटील, साहेब. सरळ माणूस. बायको चोरीच्या लाकडावर गेली, हे कळलं असतं तं जन्मभर मनावर वागवलं असतं यानं. अर्धवट जळाली असती, तेबी वागवलं असतं. दोन्हीतलं एक आमी आमच्या अंगावर घेतलं." म्हाताऱ्यानं प्रेमसिंगकडं बघितलं. "अन पकडलं गेलंच, तं यानं आधीच सांगितलं व्हतं, माझं नाव द्या. मला सवय हाय म्हणे."

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पाटील, तरी नाव लागंल मला. मालक समोर उभा हाय. कोणाचं घेऊ?"

"घ्या. रत्नपाल सोनाजी. माझ्या घरचं सरण होतं, अग्नी मी दिला. लाकूड मी जाळलं."

तो हे असं म्हणाला, जसं रेशनच्या दुकानात नाव सांगावं. आवाजात ना चढ, ना उतार. प्रभू साहेब त्याच्याकडं बघत राहिला. मग जमादारांना म्हणाला, "रिकामे ड्रम आम्ही देऊनच टाकतो, साहेब. टेबलं करतात लोकं. माझी केबल मिळाली. मला काही द्यायची न्हाई तक्रार-बिक्रार." आणि बूट झाडत, कोणालाच न सांगितल्यासारखं, "फक्त आता ड्रमाशिवाय ती ओढायची कशी, तेवढं सांगा मला."

"आमी ओढतो की," मसाजी म्हणाला. "आठातून सोडायची. किती गडी लागतात, सांगा."

जमादार चहा पिऊन गेले. जिवनबाईनं येऊन प्रेमसिंगच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं, त्यातली भाकरी काढली आणि त्याच्या हातात कोंबली. बाकीचे उठले नाहीत. रत्नपाल बोटात नट फिरवत बसला होता.

"एक इचारायचं हाय," तो म्हणाला. "तो बाण. पायापाशी दिसला व्हता मला."

चौघांनी एकमेकांकडं बघितलं.

"ती भिकाबाईची अक्कल," धर्मसिंग म्हणाला.

"काय अक्कल?"

"सांगू का?" भिकाबाई म्हणाली. "रागवाल."

"सांग."

"या मसाजी मामानं ती फळी कशीबी लावली व्हती, बाण गावाकडं. म्या म्हणलं, फिरवा ती. वैनी हिंगोलीच्या बाजारात दरखेपी चुकायची. बसस्टँड इकडं, तं ही चालली तिकडं. एकदा तुमीच तिला नाक्यावरून धरून आणलं. म्हणलं, आता संगं कोणी न्हाई बाईच्या. बाण तिकडं करा, म्हणजे बघून बघून जाईल. न्हाई तं येईल वापस, आन म्हणंल, अवं, मला कुणी सांगितलंच न्हाई."

शेवटचं वाक्य तिनं करुणाच्या आवाजात म्हटलं. हुबेहूब. नाकातून, हेल काढून.

रत्नपाल हसला.

पहिल्यांदा नुसता श्वास सुटल्यासारखा आवाज आला. मग खांदे हलले. मग तो मोठ्यानं हसायला लागला, धोतराचा सोगा तोंडात कोंबून, आणि धर्मसिंग पण हसला, आणि प्रेमसिंग भाकरीच्या घासासकट. मग केव्हातरी बाकीच्यांचं हसू थांबलं आणि रत्नपालचं थांबलं नाही. ते हसू नव्हतं आता. तो पुढं वाकला, कपाळ गुडघ्यावर टेकलं, आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. कोणी त्याला चूप म्हटलं नाही. मसाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, मेंढराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि ठेवूनच दिला.

सकाळी केबल निघाली. मसाजी वाड्याच्या दारात उभा राहून आठातून एक एक फेरा सोडत होता, आणि नालीच्या कडेनं अर्धं गाव खांद्यावर काळी तार घेऊन ओळीनं चाललं होतं. पुढं प्रेमसिंग, मधी धर्मसिंग, भिकाबाईच्या डोक्यावर भज्यांचं टोपलं. काचेची तार म्हणून बायका बोटानं दाबून बघत होत्या. करुणानं नेटच्या यादीत पहिलं नाव दिलं होतं, साक्षीचं लेकरू बघायला, आणि तार दाखवल्यावर म्हणाली होती, न फुटता वाकायला माझ्या काचेच्या बांगडीला जमलं न्हाई ते हिला कसं जमतं, बघू द्या मला.

वेशीपाशी प्रभू साहेब थांबला. तिथून गल्ल्या फुटत होत्या, आणि त्याला त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

"पहिलं घर कोणतं?" त्यानं विचारलं. "कुठून वळायचं?"

रत्नपाल ओळीतच होता. एका हातानं खांद्यावरची केबल धरून त्यानं दुसरा हात लांब केला, बोट सरळ ठेवलं आणि दाखवलं.

"असं."